नोएलीच्या बाजूच्या खुणा

लेओन्स प्रुनिएरची उमेदीची सगळी वर्षं दुधाच्या टँकरवर गेली. पहाटे उठायचं, मार्जरीदच्या पठारावरच्या गोठ्यागोठ्यांतून दूध गोळा करायचं आणि दुपारच्या आत चीजच्या कारखान्यात नेऊन ओतायचं. निवृत्त झाल्यावर लोक चूल धरून बसतात. याने रंगाचे डबे हातात घेतले.

गावावरून एक लांब पल्ल्याची पायवाट जाते. ल पुई शहरात सुरू होते आणि डोंगर, शेतं, गावं ओलांडत पार स्पेनमधल्या सांतियागोच्या तीर्थापर्यंत पोचते. तिचा या गावापासून पश्चिमेला सांत-रोकच्या देवळापर्यंतचा तुकडा सांभाळायचं काम लेओन्सने आणि त्याच्या बायकोने, नोएलीने, आपणहून अंगावर घेतलं. सांभाळायचं म्हणजे वाटेवर आलेली झुडपं छाटायची आणि झाडांवर, दगडांवर, कुंपणाच्या खांबांवर खुणा रंगवायच्या. वर पांढरा पट्टा, खाली लाल. याचे पैसे कोणी देत नाही. पायवाटांची संघटना रंग देते आणि वर्षातून एकदा जेवण देते. त्यातला रंग चांगला असतो.

आता यात गोम अशी की जाणाऱ्याला समोर दिसणारी खूण येणाऱ्याच्या उपयोगाची नसते, त्याच्यासाठी ती झाडाच्या पलीकडच्या अंगाला असते. म्हणून हे काम जोडीने करायची रीत आहे. जाताना एकाने रंगवायचं, परतताना दुसऱ्याने. लेओन्सकडे जाण्याची बाजू होती, नोएलीकडे येण्याची. स्पेनकडे जाणारे पुष्कळ. तिकडून पायी परत येणारा एखादाच, कारण पोचल्यावर सगळे गाडीत बसून घरी येतात. तरीही नोएली तिच्या खुणा अशा रंगवायची की जणू रोज मिरवणूक येणार आहे. पट्ट्यांच्या कडा फूटपट्टीने आखल्यासारख्या. लेओन्सचे पट्टे मात्र एका बाजूला कलायचे. "तुझा पट्टा बघून माणूस वाट सोडून दारूच्या गुत्त्यात जाईल," असं ती म्हणायची, आणि तो म्हणायचा, "जाईना का, तेवढीच गुत्तेवाल्याची कमाई."

मग नोएलीचा खुब्याचा सांधा गेला. मांदच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, सांधा बदलता येईल. ती म्हणाली, "बघू." बघू म्हणत एक वर्ष गेलं. पहिल्या वसंतात लेओन्स एकटाच डबे घेऊन निघाला तेव्हा तिने दारातूनच बजावलं होतं, "माझ्या बाजूला हात लावायचा नाही. ती मी रंगवणार." संध्याकाळी तो परतल्यावर तिने विचारलं, "माझ्या कशा आहेत?"

खुणा उडत चालल्या होत्या. निम्म्यांवर शेवाळ चढलं होतं. पण खुर्चीत बसून, मान वर करून विचारणाऱ्या बायकोला ते सांगायचं त्याच्या जिवावर आलं. "झकास आहेत," तो म्हणाला. "आणखी एक वर्ष सहज काढतील." तिचा चेहरा असा उजळला की पुढच्या वर्षीही त्याने तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या वर्षीही. खोटं एकदा चाललं की त्याला दरवर्षी नवा रंग द्यावा लागतो, हे त्याला टँकर चालवताना कोणी शिकवलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नोएलीच्या बाजूची एकच खूण दिसते, गावच्या पाण्याच्या हौदावरची. नोएली बहिणीकडे गेली असताना तेवढी त्याने चोरून रंगवून घेतली. तीही एका बाजूला कलली. बाकीच्या रंगवणं त्याला जमलं नाही. रंगवल्या तर त्याचा अर्थ एवढाच होता की नोएली आता या वाटेवर पुन्हा येणार नाही.

आता सांगतो ते गेल्या मे महिन्यातलं. त्या सकाळी तो निघाला तेव्हा धुकं होतं आणि नोएली खिडकीत कॉफी पीत उभी होती.

"टोपी?" ती ओरडली.

"घेतली."

"आणि पाव?"

"घेतला. तू मला शाळेत पाठवतेयस का?"

"शाळेत तरी काही शिकला असतास!"

गावाबाहेर पडून वाट दगडी गडग्यांमधून वर चढते. लेओन्सला या चढाची घाई नसे. तो टँकरच्या पहिल्या गिअरवर चढायचा; थांबायचं नाही आणि पळायचंही नाही. खुणेपाशी आला की पिशवी खाली ठेवायची, तारेच्या ब्रशने जुना पापुद्रा खरवडायचा, आधी पांढरा मग लाल. जिथे रंग चांगला होता तिथे नुसतं थोपटून पुढे. पिवळ्या फुलांची झुडपं वाटेत घुसली होती, ती छाटली. एका कुरणाच्या फाटकाला कोणीतरी दोरीची अशी गाठ मारली होती की सोडवताना त्याने त्या अनोळखी माणसाच्या सात पिढ्या काढल्या. आत लाल गाई होत्या. त्यांनी माना वर केल्या, याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली घातल्या. स्पेनकडे निघालेल्या दोन बायका मागून आल्या, "बों-जूर" म्हणाल्या आणि त्याला ओलांडून गेल्या. ओल्या रंगाला हात लावू नका असं त्याने सांगेपर्यंत एकीने लावलाही होता.

दुपारी पाइनच्या राईशेजारी दगडावर बसून त्याने पाव, सॉसेज आणि चीज खाल्लं. धुकं वर सरकलं होतं. समोर सगळा माळ, मोठमोठे ग्रॅनाइटचे धोंडे आणि पलीकडे काळी दलदल. आमच्या भागात तिला सान्य म्हणतात. वरून गवत दिसतं, पाऊल टाकलं की मांडीपर्यंत काळा चिखल.

त्या चिखलात एक माणूस उभा होता.

लेओन्सने चाकू मिटला आणि तो उठला. माणूस हातातली काठी हलवत ओरडत होता.

"अहो! इथून बाहेर कसं यायचं?"

"आत कसे गेलात?"

"आत यायला काय, सोपं आहे!"

लेओन्सने त्याला दगडांवरून कुठे कुठे पाय टाकायचा ते सांगितलं आणि शेवटी हात देऊन ओढून काढलं. साठीचा, रुंद खांद्यांचा गडी होता. नाव फीर्मां, राहणारा ब्रियूदचा. घरांवर पाटीच्या दगडांची छपरं घालायचा धंदा. सांतियागोला चालत गेला होता आणि चालतच परत येत होता.

"गाडीने का नाही आलात?" लेओन्सने विचारलं.

"बायकोला फोन केला होता तिथून. म्हटलं, पोचलो, उद्या येतो. ती म्हणाली, एवढी घाई काय आहे, घरात इतकी शांतता आहे." फीर्मां खाली बसून बुटातलं पाणी ओतू लागला. "म्हटलं चला, चालतच जाऊ. तीन देशांतून फिरणाऱ्या माणसांनी मला सांगितलं होतं, मार्जरीदमध्ये खुणा एक नंबर आहेत. सकाळपासून मला एक दिसेल तर शपथ! तिकडे तो दोन वाटांचा फाटा आहे ना, तिथे मी अर्धा तास उभा होतो. शेवटी नाणं उडवलं."

लेओन्सला तो फाटा चांगला ठाऊक होता. त्या फाट्यावर एक वाकडं बीचचं झाड होतं आणि त्यावर नोएलीने फुली मारलेली होती, पांढऱ्या-लाल रंगाची. म्हणजे इकडे जाऊ नका, इकडे दलदल आहे. ते झाड दोन हिवाळ्यांपूर्वी वादळात पडलं. त्याने स्वतःची खूण शेजारच्या पाइनवर हलवली होती. फुली झाडाबरोबर गेली.

"खुणा आहेत," तो म्हणाला. "जरा जुन्या झाल्यात."

"तुम्हाला काय माहीत?"

लेओन्सने पिशवीतले डबे दाखवले. फीर्मां डब्यांकडे पाहत राहिला, मग त्याच्याकडे.

"म्हणजे तुम्हीच ते!"

फीर्मांचा घोटा मुरगळला होता. अंधाराच्या आत तो एकटा गावापर्यंत पोचला नसता. सांत-रोकपर्यंतचं काम तसंच टाकून लेओन्स मागे वळला आणि त्याला घेऊन घराकडे चालू लागला. आणि चालता चालता त्याच्या ध्यानात आलं की या तीन वर्षांत तो ही वाट परतताना कधी नीट बघतच नव्हता. मान खाली घालून, घरचं जेवण डोळ्यांपुढे ठेवून येत होता. आज शेजारी परका माणूस होता, आणि तो माणूस दर वळणावर विचारत होता.

"इथे कुठे आहे खूण?"

"ही काय, या धोंड्यावर."

फीर्मां वाकून बघायचा. "हे शेवाळ आहे."

"शेवाळाच्या खाली."

पुढच्या वळणावर पुन्हा. "आणि इथली?"

"त्या खांबावर होती."

"खांब कुठे आहे?"

"खांब बदलला."

तिसऱ्या-चौथ्या वेळी फीर्मांने विचारणं सोडलं, आणि लेओन्सला ते विचारण्याहून वाईट लागलं. त्याला लाज वाटली. दरवर्षी संघटनेच्या जेवणात 'आमच्या तुकड्यावर कोणी चुकत नाही' म्हणून छाती फुगवणारा माणूस तो हाच.

गाव दिसू लागलं तसा तो थांबला. त्याच्या घरात वाटसरूंसाठी दोन खोल्या होत्या आणि गावात दुसरीकडे राहायची सोय नव्हती. फीर्मां आज नोएलीच्या टेबलावर जेवणार होता. आणि तिकडून येणारा माणूस दिसला की नोएली पहिला प्रश्न काय विचारणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

"एक काम आहे तुमच्याकडे," लेओन्स म्हणाला, आणि त्याने सगळं सांगून टाकलं. सांधा, तीन वर्षं, झकास आहेत, सगळं. "ती विचारेल. तुम्ही म्हणा, खुणा छान होत्या. त्या बीचच्या झाडाबद्दल हमखास विचारेल. म्हणा, फुली स्पष्ट दिसली."

फीर्मां काठीवर रेलला. "बाबा रे, मी तीन महिने चालून पापं फेडून आलोय. घर दोन दिवसांवर आलं आणि तू मला नवं पाप करायला सांगतोस?"

"लहानसं आहे."

"बायकोशी खोटं बोलणं लहानसं?"

"तुमची नाही, माझी बायको आहे."

यावर फीर्मां हसला, आणि हसला म्हणजे तयार झाला, असं लेओन्स धरून चालला. त्याचा जीव भांड्यात पडला.

नोएलीने दार उघडलं, पाहुण्याची अवस्था पाहिली आणि एकही प्रश्न न विचारता त्याला लेओन्सची जुनी विजार दिली, घोट्याला बांधायला ओलं फडकं दिलं आणि त्याची विजार चुलीवरच्या दांडीला वाळत टाकली. मग आपल्या चालायच्या दोन्ही काठ्या खुर्चीला टेकवून ती टेबलाशी बसली. मसुराचं सूप होतं, बटाटे आणि ताजं चीज एकत्र परतलेलं होतं, लाल वाइन होती. सूप संपत आल्यावर फीर्मांने सुपाच्याच बशीत वाइन ओतली, ढवळली आणि बशी तोंडाला लावून पिऊन टाकली. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांची ही पद्धत. नोएलीला तो तिथेच आवडला.

"तर तुम्ही तिकडून आलात," ती म्हणाली.

"हो, मादाम."

"मग माझ्या बाजूने आलात. कशा होत्या खुणा?"

लेओन्स पाव कापत होता. तो कापतच राहिला.

"छान होत्या, मादाम."

"सगळ्या?"

"सगळ्या. लांबून दिसत होत्या."

"आणि त्या वाकड्या बीचवरची फुली? ती मला फार त्रास द्यायची. खोड गाठींचं आहे त्याचं."

"स्पष्ट," फीर्मां म्हणाला. "अगदी स्पष्ट."

नोएलीने चुलीकडे पाहिलं. दांडीवरच्या विजारीतून थेंब थेंब पाणी पडत होतं आणि खालच्या फरशीवर एक डबकं झालं होतं. काळं.

"एवढा काळा चिखल," ती सावकाश म्हणाली, "या वाटेवर एकाच जागी आहे. ज्याला फुली दिसली तो माणूस तिथे जात नाही."

फीर्मांने लेओन्सकडे पाहिलं. लेओन्सने पावाकडे.

"मादाम, मला माफ करा," फीर्मां म्हणाला. "मी छपरं घालणारा माणूस. मला हे जमत नाही."

"तुमचा दोष नाही. तुम्ही बटाटे घ्या." ती नवऱ्याकडे वळली. "फुली कुठे आहे?"

"झाड पडलं."

"कधी?"

"दोन हिवाळे झाले."

"आणि बाकीच्या?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"एकही नाही?"

"हौदावरची आहे," तो म्हणाला.

"हौदावरची तुझी आहे! आंधळीलासुद्धा कळेल. मला वाटलं, ट्रॅक्टर घासला असेल म्हणून तेवढी एक दुरुस्त केलीस आणि माझ्या बोलण्याला भिऊन सांगितलं नाहीस. म्हटलं, चालू दे, एक पट्टा." तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळे लेओन्सला जास्त भीती वाटत होती. "तीन वर्षं, लेओन्स."

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं! मग?"

"मला वाटलं, तुला ऑपरेशनची भीती वाटते. आणि खुणा गेल्या म्हणून सांगितलं तर..." त्याने पावाचा आणखी एक तुकडा पाडला. मग त्याने बोलून टाकलं. "मला वाटलं, तू आता काही वर येत नाहीस. आणि ते तुला माझ्या तोंडून कळू नये."

चुलीत लाकूड सरकलं. फीर्मां आपल्या बशीत इतका बारकाईने बघत होता की जणू तिथेच एखादी खूण असेल.

"भीती वाटत होती," नोएली म्हणाली. "कापाकापीची कोणाला वाटत नाही? पण डॉक्टरने मला काय सांगितलं होतं, माहितीये? चूल आणि कोंबड्या एवढंच चालायचं असेल तर राहू द्या, डोंगरात जायचं असेल तर सांधा बदलून घ्या. दर वसंतात मी तुला विचारायचे. मनात ठरवलेलं असायचं, हा म्हणाला की गेल्या, तर इस्पितळात फोन करायचा. आणि तू येऊन म्हणायचास, झकास आहेत. मग मी म्हणायचे, राहू दे, आणखी एक वर्ष थांबू. भित्र्या माणसाला दुसरं काय हवं असतं?" तिने रुमालाने तोंड पुसलं, मग डोळे. "तू झकास म्हणालास म्हणून मी तीन वर्षं या खुर्चीत बसले."

लेओन्सला तोंडात मारल्यासारखं झालं. त्याने आयुष्यात पुष्कळ चुका केल्या होत्या, एकदा तर भरलेला टँकर खड्ड्यात घातला होता. पण त्या चुका दिसत होत्या. ही त्याने बायकोवर माया म्हणून केली होती आणि दरवर्षी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. "चुकलो," तो म्हणाला. एवढंच त्याला सुचलं. नोएलीने त्याच्या हातातला पाव काढून घेतला, कारण तो अजून कापतच होता, आणि सगळा पाव संपत आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांदच्या इस्पितळात फोन उचलायला माणूस येतो न येतो तोच नोएलीने नंबर फिरवला. पलीकडच्या बाईने कागद चाळले आणि जूनमधली एक तारीख रिकामी झाल्याचं सांगितलं.

"जून?" लेओन्स कुजबुजला. "जूनमध्ये आपल्या बकऱ्यांसाठी गवत कापायचं असतं."

नोएलीने फोनवर हात ठेवला. "तीन वर्षं तुझ्यासाठी थांबले. आता बकऱ्यांसाठी थांबू?" आणि फोनमध्ये म्हणाली, "जून चालेल, मादमोआझेल. लिहून घ्या."

फीर्मां घोटा आवळून बांधून निघाला. पुढच्या तुकड्यावर खुणा आहेत ना, असं त्याने दारात विचारलं. तो तुकडा दुसऱ्यांचा, पण खुणा आहेत, असं लेओन्सने सांगितलं. फीर्मां म्हणाला, "तुमचं 'आहेत' मी ऐकलंय," आणि लंगडत गेला.

तो वळणाआड झाल्यावर नोएलीने धार काढायचं लाकडी स्टूल मागितलं. मग रंगाची पिशवी मागितली.

"आज?" लेओन्स म्हणाला. "अगं, आधी सांधा तर होऊ दे."

"हात कुठे गेलेत माझे?"

ती दोन काठ्यांवर हौदापर्यंत गेली. स्टुलावर बसायला तिला वेळ लागला आणि बसताना ती कण्हली. पण त्याने दंड धरायला हात पुढे केला तेव्हा तिने तो ढकलला. तारेच्या ब्रशने तिने त्याचा कललेला पट्टा दगड दिसेपर्यंत खरवडून काढला. मग तो डबा धरून उभा राहिला आणि ती रंगवू लागली. पांढरा वर. वाळायला वेळ दिला. लाल खाली. कडा फूटपट्टीने आखल्यासारख्या आल्या, पूर्वीसारख्या, फक्त एका जागी कड जरा वाकली होती. तिने ते बघितलं आणि तसंच राहू दिलं.

मग तिने मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. पुढची खूण गावच्या जुन्या पावभट्टीच्या कोपऱ्यावर होती. हौदापासून दूर नव्हती, पण तिच्या पायांना दूर होती.

"तिथेही तुझी वाकडी रेघ आहे का?"

"नाही," लेओन्स म्हणाला. "तिथे काहीच नाही."

"मग स्टूल उचल," नोएली म्हणाली आणि काठ्या चाचपू लागली.